पाठवणीची जबाबदारी अंगावर आली तर

पाच वर्षांपूर्वी आमच्या भाचीच्या लग्नात सगळं घड्याळावर झालं. मुहूर्त ११ वाजून ५२ मिनिटांचा, अक्षताही ११:५२लाच पडल्या. पंगती वेळेत उठल्या, मानपान बिनबोभाट झालं. संध्याकाळी भाची गाडीत बसली, आईच्या गळ्यात पडून झालं, बाबांनी तोंड फिरवून चष्मा पुसला, सनईवाल्याने सूर धरला, चाकाखाली लिंबू गेलं आणि गाडीची किल्ली सापडेना. किल्ली माझ्या पुतण्याच्या खिशात होती आणि पुतण्या आजीला सोडायला स्वारगेटला गेला होता. पाऊण तास गेला. गाडीत बसलेली नवरी पुन्हा उतरवू नये असं कुणीतरी म्हणालं, म्हणून तिला गाडीतच चहा नेऊन दिला. सनईवाला दोनदा येऊन विचारून गेला, "वाजवू का थांबू?" किल्ली आली तेव्हा पुन्हा रडायचं कुणाच्या अंगात उरलं नव्हतं. गाडी हलली ती हशातच. तिची आई मात्र आजही म्हणते, मी लेकीला निरोप असा दिलाच नाही.

तेव्हापासून आमच्या घरात पाठवणीचं खातं माझ्याकडे आलं. त्यानंतर सहा पाठवण्या पार पाडल्या. लग्नाच्या याद्या करताना मुहूर्ताला मालक असतो, जेवणाला असतो, रुखवताला तर तीन-तीन असतात. पाठवणीला कुणीच नसतं, कारण ती आपोआप होईल असं सगळे धरून चालतात. ती आपोआप होते खरी, पण तिच्यात सगळ्यांचा दिवसभराचा थकवा उतरलेला असतो. तेव्हा पहिली गोष्ट, एक माणूस नेमा. नवरीचे आई-वडील नकोत आणि सख्खा भाऊही नको, त्यांना त्या वेळी काही दिसत नाही. मावशी, आत्तेभाऊ, वहिनी, अगदी शेजारच्या काकूसुद्धा चालतील. तो माणूस तुम्ही असाल, तर पुढचं तुमच्यासाठी.

महिनाभर आधी: दोन्ही घरी फोन

बहुतेक घोळ 'आमच्याकडे असंच असतं' या वाक्यातून होतात, आणि ते वाक्य दोन्ही बाजूंना वेगवेगळं असतं. म्हणून वराकडच्या एका जबाबदार बाईंशी बोला (बाईंशीच, पुरुषांना झाल, म्हणजे लेक सासरच्यांच्या हाती सोपवायचा विधी, कधी असते हे ठाऊक नसतं) आणि विचारून घ्या. झाल आणि सूनमुख कार्यालयात करायचं की घरी? लक्ष्मीपूजन कुठे? मुलीबरोबर पाठराखीण पाठवायची का, आणि तिची झोपायची सोय काय? मुंडावळ्या घरच्या दारापर्यंत ठेवायच्या की गाडीत सोडल्या तर चालतील? गाडी कुणाची? आमच्याकडे गाडी वराकडची असते, पण हल्ली नवरीची स्वतःचीच गाडी असते आणि ती तीच घेऊन जाणार असते. त्यालाही हरकत नाही, फक्त आधी कळू दे.

आणि जोडपं नक्की कुठे जाणार आहे हेही विचारा. माझ्या एका पुतणीचं सासर नागपूरला, नोकरी दोघांची पुण्यात, घर बाणेरला भाड्याचं. पाठवणी झाली ती कार्यालयातून त्या भाड्याच्या घरी, आणि सासू-सासरे अर्धा तास आधी तिथे जाऊन माप भरून उभे राहिले. सगळं साग्रसंगीत झालं. पण हे आठ दिवस आधी ठरलं म्हणून.

वेळ उलटी मोजा

मुहूर्तापासून पुढे मोजत गेलात की पाठवणी नेहमी उशिरा होते. सासरच्या दारापासून मागे मोजत या. समजा रविवारचं लग्न, कार्यालय पुण्यात, सासर ठाण्याला. रविवारी संध्याकाळी मुंबईकडे जाणारा बोरघाट कसा असतो ते वेगळं सांगायला नको, चार तास धरा. रात्री साडेआठपर्यंत तरी गृहप्रवेश हवा, नाहीतर तिकडे औक्षणाला उभ्या राहिलेल्या आजी खुर्चीतच पेंगतात. म्हणजे गाडी सव्वाचारला हलायला हवी.

आता रविवारचा राहुकाळ बघा. सूर्योदय सहाला धरला तर तो ४:३० ते ६ येतो. म्हणजे पुण्या-मुंबईची बहुतेक रविवारची लग्नं नेमकी त्याच वेळेत पाठवणी करायला निघतात, आणि मग शेवटच्या क्षणी कुणीतरी काका पंचांग काढतात. मंगळवारी तो ३ ते ४:३०, शनिवारी सकाळी ९ ते १०:३०, म्हणजे शनिवारचं लग्न या बाबतीत निर्धास्त. तुम्ही मानत नसाल तर सोडून द्या. पण घरात एक जरी मानणारं माणूस असेल तर ते साडेचारलाच बोलणार, आणि मग सहापर्यंत सगळे शून्यात बघत बसणार.

तर ४:१५ला गाडी. त्याआधी पंधरा मिनिटं दारातला निरोप. ३:३०ला ओटी. पावणेतीनला झाल आणि सूनमुख. दोन-सव्वादोनला नवरा-नवरीची पंगत, आणि त्याआधी लाजाहोम, सप्तपदी. एवढं मागे आलं की मुहूर्त बाराच्या आत हवा हे आपसूक कळतं. मुहूर्त साडेबाराचा निघाला असेल तर भटजींना आधीच सांगा की मधले विधी आटोपशीर घ्या. चांगले भटजी घेतात. ऐनवेळी सांगितलं तर तेही चिडतात आणि त्यांचं बरोबर असतं.

कार्यालय किती वाजता सोडायचं आहे ते करारात लिहिलेलं असतं, ते स्वतः वाचा. संध्याकाळी दुसरं कार्य असेल तर पाचच्या ठोक्याला खुर्च्या गोळा करणारी मुलं येऊन उभी राहतात. आई लेकीची ओटी भरते आहे आणि मागे स्टीलच्या खुर्च्या एकावर एक आपटताहेत, हे मी दोनदा पाहिलंय.

रात्रीचं कार्य असेल तर हिशोब वेगळा. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक, वाजंत्री चालत नाही, आवाजाचे फटाकेही नाहीत. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्या भोवतीच्या १०० मीटर शांतता क्षेत्रात तर आणखी कडक. दहानंतर निघणार असाल तर बँडचे पैसे वाचवा आणि एका सनईवर भागवा, तीही मंडपाच्या आत.

झाल, सूनमुख, ओटी

झालीला काही घरांत ऐरणीदान म्हणतात. वेळूच्या टोपलीत कणकेचे पेटते दिवे, नारळ, खण, सुपल्या मांडतात आणि मुलीचे आई-वडील ती टोपली वराच्या आईच्या, वडिलांच्या, जवळच्या नातेवाइकांच्या डोक्यावर क्षणभर टेकवत जातात. आमची लेक आता तुमची, सांभाळा, असा अर्थ. संस्कृतात वंश म्हणजे बांबू आणि वंश म्हणजे कुळही, म्हणून वेळूचीच टोपली. प्लॅस्टिकची परडी आणून वेळ मारून नेऊ नका. दिव्यांची संख्या घराप्रमाणे बदलते, ती आधी विचारा. कणीक घट्ट भिजवा, सैल भिजवली की दिवे बसतात आणि तूप टोपलीत झिरपतं.

आता व्यवहाराचं. पेटते दिवे माणसांच्या डोक्यावर न्यायचेत. सभागृहातले पंखे झाल होईपर्यंत बंद करायला एक मुलगा बटणांपाशी उभा करा. टोपलीत तळाला स्टीलचं ताट ठेवा. केसांत गजरे, अंगावर जाळीच्या ओढण्या असलेल्या मुलींना दोन पावलं मागे ठेवा. आणि उंच व्याह्यांना खाली बसवा. आमच्या मेहुण्यांनी सहा फुटी व्याह्यांच्या डोक्यावर टाचा उंचावून टोपली धरली तेव्हा वितळलेलं तूप त्यांच्या नव्या कोटावर ओघळलं. कोट धुवायला दिला, तरी विषय अजून निघतो.

सूनमुखाला एकच वस्तू लागते आणि तीच कुणाकडे नसते: आरसा. सासू सुनेला जवळ घेऊन आरशात तिचं तोंड बघते, तोंडात साखर घालते, दागिना देते. एका लग्नात आरसा शोधता शोधता शेवटी नणंदेने मोबाइलचा सेल्फी कॅमेरा पुढे केला. फोटो झकास आला, पण भटजींचा चेहरा त्याहून झकास होता. हातात मावेल असा आरसा आणि साखरेची डबी तुमच्या स्वतःच्या पिशवीत ठेवा. दुसऱ्या कुणाच्या भरवशावर नको.

ओटीला खण, नारळ, तांदूळ किंवा गहू, हळकुंड, सुपारी, खारीक, बदाम. घरची माणसं आधी ठरवा: आजी, आई, काकू, आत्या, मावशी. बाकीच्या हौशी बायका हळदीकुंकू लावतील. नाहीतर प्रत्येक जण नारळ घेऊन येते आणि नवरीच्या मांडीवर अकरा नारळ साठतात. शालूला पिन लावलेली असते, पदर ताणतो, जर फाटते. शेजारी कापडी पिशवी घेऊन एक मुलगी बसवा, ओटी पडली की पिशवीत.

इथे एक स्पष्टच सांगते. आई विधवा असेल तर ओटी भरायला तिला बाजूला ठेवायचं, ही रीत अजून काही घरांत चालते. तुमच्या हातात पाठवणी असेल तर ती मोडायची संधी तुमच्याच हातात आहे. आदल्या दिवशी घरातल्या सर्वांत मोठ्या बाईशी बोला. आमच्याकडे ८१ वर्षांच्या आजीने स्वतः सुनेच्या हातात नारळ दिला आणि म्हणाली, "नऊ महिने तू वागवलीस, ओटी मी कशी भरू?" त्यानंतर कुणी तोंड उघडलं नाही.

बॅगा: चार, आणि प्रत्येकीला नाव

मोठ्या बॅगा आदल्या दिवशी किंवा सकाळीच रवाना होऊ देत. पाठवणीच्या वेळी हाताशी लागतात त्या चार.

पहिली, रात्रीची. एक साधी सुती साडी किंवा कुडता, आतले कपडे, टॉवेल, रोजची औषधं, चष्मा किंवा लेन्सची डबी, चार्जर, सॅनिटरी पॅड, डोकेदुखीची गोळी, सेफ्टीपिनांचं पाकीट, मेकअप काढायचं तेल किंवा जे काही लागतं ते. आणि घरातली रोजची चप्पल. नव्या घरात पहिल्या रात्री टाचांच्या सँडल हातात घेऊन अनवाणी फिरणारी नवरी मी बघितली आहे. विचारायची लाज वाटते, दुसरं काय. ही बॅग नवरीच्याच गाडीत, पुढच्या सीटखाली. टेंपोत अजिबात नाही. माझ्या स्वतःच्या लग्नात माझी बॅग रुखवताच्या टेंपोत गेली आणि टेंपो दुसऱ्या दिवशी दुपारी आला. मी सासरी पहिली सकाळ नणंदेच्या गाउनमध्ये काढली, तो मला गुडघ्यापर्यंत येत होता.

दुसरी, दागिन्यांची. लांबचा प्रवास असेल तर मंगळसूत्र, हिरवा चुडा आणि हलकं काही अंगावर, बाकीचं उतरवून यादी करून एका माणसाकडे. त्या माणसाने सजवलेल्या गाडीत बसू नये. झेंडूने मढवलेली गाडी फूडमॉलपाशी उभी असते तेव्हा तिच्यात काय आहे हे साऱ्या जगाला कळतं. आहेराची पाकिटंही याच माणसाकडे, न उघडता.

तिसरी, शिदोरी. लाडू, करंज्या, चिरोटे, घरचं काय असेल ते. डब्यांवर चिकटपट्टीने नावं घाला. सासरी त्या रात्री कुणालाच माहीत नसतं कुठल्या डब्यात काय आहे.

चौथी सगळे विसरतात: कागद. महाराष्ट्रात १९९८च्या कायद्याप्रमाणे विवाहनोंदणी लग्नापासून ९० दिवसांत करायची असते, उशीर झाला तर दंड पडतो. अर्जावर पुरोहितांची सही आणि तीन साक्षीदार लागतात. लग्नानंतर दोन महिन्यांनी भटजींना शोधत फिरण्यापेक्षा, दक्षिणा देतानाच अर्ज पुढे करा, सही घ्या, आधार कार्डाची प्रत मागा. मावशी-काका साक्षीदार असतील तर त्यांच्याही प्रती तिथेच. लग्नपत्रिका दोन-तीन आणि दोघांचे पासपोर्ट फोटो त्याच पाकिटात टाकून द्या. पाच मिनिटांचं काम आहे.

गाडी

सजावट साधी ठेवा. पुढे एक हार, दारांच्या मुठींना गजरे, मागच्या काचेवर दोघांची नावं. झेंडू आणि शेवंती टिकतात. निशिगंध दिसतो देखणा, पण मे महिन्यातल्या उन्हात दोन तासांत माना टाकतो. गाडी सकाळी नाही, जेवणं सुरू झाल्यावर सजवा, आणि सावलीत लावा. फुलांची जाड चादर पुढच्या जाळीवर बसवू नका, हवा अडते आणि घाट चढताना इंजिन तापतं. रंगावर चिकटपट्टी लावू नका, काढताना रंग निघतो. रिबीन बॉनेटच्या फटीतून ओवून बांधली की पुरते. नंबरप्लेट, दिवे, आरसे मोकळे. नंबरप्लेट झाकणं हा सरळ गुन्हा आहे आणि चौकातला पोलीस लग्नाची गाडी म्हणून सोडेलच असं नाही.

गाडीत फुगे भरायची नवी हौस आली आहे. हवेत तरंगणाऱ्या फुग्यांत पुष्कळदा हायड्रोजन भरलेला असतो, तो ठिणगीने पेटतो. त्याच आवारात झालीचे दिवे, उदबत्ती, कुणाची तरी सिगारेट. नकोच.

किल्ल्या दोन: एक चालकाकडे, दुसरी तुमच्या कमरेला. इंधन भरलेलं, टायरची हवा बघितलेली, फास्टॅगमध्ये पैसे. आणि चालक झोपलेला असावा, म्हणजे आदल्या रात्री पुरेसा झोपलेला! सख्ख्या भावाला गाडी चालवायची फार इच्छा असते. दोन रात्री जागलेला, आताच बहिणीला मिठी मारून रडलेला मुलगा घाटात गाडी घालणार असेल तर त्याला प्रेमाने मागच्या गाडीत बसवा आणि रोजचा चालक द्या.

आतली दहा मिनिटं

या सगळ्या लेखात एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा. ओटी झाल्यावर आणि दारात येण्याआधी, नवरीला तिच्या खोलीत न्या. आत फक्त आई, वडील, भावंडं, आजी-आजोबा. दार लावा आणि दाराबाहेर तुम्ही स्वतः उभे राहा. फोटोग्राफर आत नाही. त्याला आधीच सांगून ठेवा, कारण तो विचारणारच, आणि "शेवटी तेच तर शॉट असतात" असं म्हणणारच.

हे का, तर दारातला निरोप आता निरोप राहिलेला नाही. एका लग्नात व्हिडिओवाला माझ्या बहिणीला म्हणाला, "काकू, परत एकदा मिठी मारा, मघाशी माझ्या फ्रेममध्ये अंकल आले." तिने परत मारली. बिचारी दुसरं काय करणार. त्या दिवशी मी ठरवलं की खरा निरोप आधी उरकून घ्यायचा, दाराआड. मग दारात लोकांना जे बघायचं ते बघू दे.

आत काय होतं ते मला माहीत नाही, मी बाहेर असते. एकदा फक्त हसण्याचा आवाज आला. एकदा पूर्ण शांतता होती. एकदा भाऊ परदेशी होता, त्याच्याकडे न्यू जर्सीत पहाटेचे पावणेसहा वाजलेले, तर फोन उशीला टेकवून ठेवला होता आणि दहा मिनिटं कुणीच काही बोललं नाही म्हणे.

याच वेळात तिला शालू बदलू द्या, विशेषतः नऊवारी असेल तर. चार तासांचा प्रवास नऊवारीत करायचा म्हणजे शिक्षा. हलकी सहावारी नेसवा, स्वच्छतागृहात जाऊन येऊ दे, घोटभर पाणी, जेवण नीट गेलं नसेल तर एक केळं. विधींच्या गडबडीत नवरीने पोटभर खाल्लेलं मी अजून पाहिलं नाही.

दारातला निरोप

आता लोक काय काय करतात त्याबद्दल. गुलाबाच्या पाकळ्या उधळणं सर्वांत निर्धोक आणि सर्वांत सुंदर. शंभर माणसांना दोन-अडीच किलो पाकळ्या पुरतात. सकाळी फूलबाजारातून आणल्या तर ओल्या सुती कापडात गुंडाळून सावलीत ठेवा, पिशवीत कोंबल्या की काळ्या पडतात. वाटायला कागदाचे कोन करा, ते काम लहान मुलांना द्या, खूश होतात. फक्त गुळगुळीत फरशीवर पाकळ्या पडल्या की पाय घसरतो, तेव्हा उधळण पायऱ्यांच्या खाली, मातीवर किंवा पेव्हरवर.

फेसाचे फवारे नकोत, डोळ्यांत जातात आणि रेशमावर डाग पडतात. 'थंड' म्हणून विकली जाणारी कारंजी नावालाच थंड, ठिणगी शालूवर पडली की भोक पडतं. लावायचीच असतील तर चालण्याच्या वाटेपासून पुष्कळ दूर. फुलबाज्या हातात धरून दोन रांगा करायची टूम रात्री छान दिसते, पण मुलांच्या हातात देऊ नका आणि विझलेल्या तारा टाकायला पाण्याची बादली ठेवा.

आणि ते मागे तांदूळ फेकणं. नवरीने पाठमोरं उभं राहून ओंजळीने तांदूळ मागे उडवायचे, आईने पदरात झेलायचे. ही उत्तरेकडची रीत, आपल्याकडे हिंदी सिनेमातून आली. आपल्या अक्षता मंगलाष्टकांना पडून गेलेल्या असतात. मला स्वतःला ती रुचत नाही, माहेरचं देणं फेडलं असा तिचा अर्थ सांगतात आणि असलं देणं फिटतं कुठे. पण नवरीला हौस असेल तर अडवू नका. लग्न तिचं आहे. तांदूळ कोरडे ठेवा आणि पदर धरायला कोण उभं राहणार ते ठरवा, नाहीतर सगळ्या एकदम धावतात.

गाणं किंवा सनई कुणाच्या तरी इशाऱ्यावर सुरू व्हायला हवी. तो इशारा तुमचा. नवरी खोलीतून बाहेर पडली की सनई, गाडीचं दार लागलं की थांबवायची. पाठवणीचं गाणं मोबाइलवरून लावणार असाल तर आधी उतरवून घ्या. ऐन हुंदक्याच्या वेळी कर्जाची जाहिरात वाजलेली आहे.

क्रम साधा ठेवा: देवाला, वडीलधाऱ्यांना नमस्कार आतच उरकलेले. दारात आधी नवऱ्याकडच्या मोठ्यांच्या गाड्या निघू देत, म्हणजे वाट मोकळी होते. मग जोडपं, मग पाठराखीण. नारळ फोडायचा तो गाडीच्या बाजूला, पुढे नको, करवंट्या टायरला लागतात. आई-वडील गाडीच्या डाव्या दाराशी. तुम्ही मागे, दुसरी किल्ली कमरेला.

वाटेत

फार सांगण्यासारखं नाही. पाणी, आवळासुपारी, घाट लागत असेल तर प्लॅस्टिकची पिशवी. तासाभराने एक चहा. नवरा-नवरीला बोलू द्या, पाठराखिणीने कानात इअरफोन घालून बसावं. दोन तासांनी सासरी फोन, "लोणावळा सोडलं," म्हणजे ते त्या हिशोबाने दिवे लावतील.

त्या दारात

तिकडचं तिकडच्यांनी बघायचं, तरी पाठराखिणीला एवढं माहीत हवं. भाकरतुकडा ओवाळून टाकतात, औक्षण होतं, नणंद दार अडवते, नाव घेतल्याशिवाय सोडत नाही. मग उंबऱ्यावरचं तांदळाचं माप उजव्या पायाने हलकेच लवंडायचं. हलकेच. फुटबॉलसारखं उडवलेलं माप मी पाहिलंय, तांदूळ सासऱ्यांच्या सोफ्याखालून दिवाळीपर्यंत निघत होते. पुढे लक्ष्मीपूजन आणि तांदळात अंगठीने नाव. नाव बदलायचं की आहे तेच लिहायचं, हे दोघांनी आधी ठरवलेलं असू दे. ताटापुढे बसून वाद नको.

नाव घ्यायला ऐनवेळी काही सुचत नाही, म्हणून गाडीत एक जुळवून ठेवा. आमच्या पुतणीने घाटातच केलं होतं:

बोरघाट ओलांडला, आता माप ओलांडते,
अमुकरावांच्या घरात पहिलं पाऊल मांडते.

(अमुकरावांच्या जागी खरं नाव. एकदा एकीने घाबरून 'अमुकराव'च म्हटलं.)

मागे राहिलेली माणसं

गाडी वळणावर दिसेनाशी झाली की तुमचं काम अर्धं संपतं. कार्यालयात भांडी मोजायची, उरलेलं अन्न कुणाला द्यायचं ते बघायचं, खोल्या तपासायच्या. उशांखाली, बाथरूमच्या खुंटीवर, आरशामागे. दरवेळी काहीतरी सापडतं. शेवटच्या लग्नात नवरदेवाचा पासपोर्ट सापडला, तिसऱ्या दिवशी त्यांचं विमान होतं.

पण त्या आधी आई-वडिलांना कुणाच्या तरी गाडीत घालून घरी पाठवा, आणि कुणीतरी त्यांच्यासोबत रात्री राहा. हिशोबाच्या वह्या, पाकिटं, केटररची बिलं त्या रात्री काढायची नाहीत. लग्नाचं जेवण तर नकोच, त्याचा वाससुद्धा नको झालेला असतो. पिठलं-भात टाका. मुलीच्या खोलीतला दिवा कुणीतरी सवयीने लावतो, लागू दे.

आणि पाठराखिणीला बजावून ठेवा: पोचल्याचा निरोप लग्नाच्या ग्रुपवर टाकायचा नाही. तिथे दीडशे माणसं आहेत, अंगठ्यांचा पाऊस पडतो आणि नेमकं आईला दिसत नाही. आईला फोन करायचा, आणि मुलीच्याच हातात द्यायचा.